व्हिप्ड क्रीम फेटताय? आधी या चुका टाळा, मग मला फोन करा

मे महिना लागला की माझा फोन सुरू होतो. "ताई, अर्धा तास झाला फेटायले, क्रीम पातळच आहे." नाहीतर फोटो येतो, पातेल्यात दही फुटल्यासारखं काहीतरी आणि खाली लिहिलेलं, आता काय करू? मी लातूरला घरूनच केक आणि डेझर्टच्या ऑर्डरी घेते, अधूनमधून क्लासही घेते, आणि खरं सांगू का, माणसं बदलतात पण चुका त्याच. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, माझाही घसा वाचेल.

पहिली गोष्ट, तुम्ही फेटताय ते काय आहे ते पॅकेट उलटं करून वाचा. किराणा दुकानात नुसतं "क्रीम द्या" म्हणलं की तो छोटा टेट्रापॅक हातात देतो, त्यावर फ्रेश क्रीम लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात २५ टक्के मिल्क फॅट. ते पनीरच्या भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये झकास. फेटून उभं राहणार नाही, तुम्ही मशीन जाळलं तरी. फेटायला कमीत कमी ३० टक्के फॅट लागतं, ३५ मिळालं तर फारच छान. दुसरं पॅकेट मिळतं ते नॉन डेअरी टॉपिंगचं, केकवाले वापरतात ते. ते दुधाचं नसतंच, वनस्पती तेलाचं असतं आणि साखर त्यात आधीच असते. तरी लोक वरून अर्धी वाटी साखर घालतात आणि मग म्हणतात गोड मिट्ट झालं. ते फ्रीजरमधून काढून आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवायचं, एवढंच. एकीनं लवकर वितळावं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. मी काही बोलले नाही.

घरच्या सायीचं पण विचारतात. "म्हशीचं दूध आहे ताई, बोटभर जाड साय येते." येते हो, पण ती तापवलेल्या दुधाची साय आहे, त्यात फॅटबरोबर दुधातलं प्रोटीन थर धरून बसलेलं असतं, फेटली की आधी गुठळ्या आणि मग सरळ लोणी. तिचं तूप करा, धपाटे-दही खाताना वर घ्या, व्हिप्ड क्रीमच्या वाटेला जाऊ नका.

आता माझा लाडका विषय. थंडपणा.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. सासरी मे महिन्यात कार्यक्रम, चाळीस माणसं, आणि मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की गोड मी करणार, आंब्याच्या फोडी आणि वर व्हॅनिला क्रीम, ग्लासात. दोन लिटर डेअरी क्रीम आणून फ्रीजमध्ये ठेवलं. आदल्या संध्याकाळी लाईट गेली ती रात्री कधीतरी आली. घरभर पाहुणे, ज्याला त्याला थंड पाणी पाहिजे, फ्रीजचं दार दर पाच मिनिटाला उघडं. सकाळी मी पॅकेटला हात लावला, गार लागलं, म्हणलं चला. फेटायला बसले दुपारी बाराला, स्वयंपाकघरात एकीकडे पुऱ्या तळायल्यात, वर पत्रा तापलेला. दोन्ही पॅकेटं एकाच पातेल्यात, कारण घाई. दहा मिनिटं काहीच नाही. मग मी बटण सगळ्यात वरच्या स्पीडला नेलं. तिथं माती खाल्ली. दोन मिनिटांत ते जाड झालं, मी खूश, अजून थोडं म्हणून चालूच ठेवलं, आणि बघता बघता पातेल्यात पिवळसर रवा आणि खाली पाणी. सासूबाई आल्या, वाकून बघितलं आणि इतक्या शांतपणे म्हणल्या, "अगं, लोणी आलंय की छान. धुऊन घे, कढवते." आंब्याच्या फोडी नुसत्याच वाढल्या. अर्धा किलोच्या वर तूप निघालं आणि पुढचे कितीतरी दिवस आमच्या वरणभाताला व्हॅनिलाचा वास.

झालं काय होतं ते नंतर कळलं, आणि कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली कारण हे आजीला माहीत होतं. ताक करताना उन्हाळ्यात ती रवीला हात लावायची पहाटे आणि वरून थंड पाणी घालायची, हिवाळ्यात कोमट. लोणी यायला दही फार गार नको आणि फार गरमही नको. क्रीमचं तेच. क्रीम १२-१४ अंशांच्या आसपास गेलं की घुसळल्यावर त्याला लोणी व्हायचं असतं. आपल्याला पाहिजे त्याच्या अलीकडचं. फॅटचे बारीक गोळे हवेच्या बुडबुड्याभोवती एकमेकाला अर्धवट चिकटले की क्रीम उभं राहतं, पूर्ण चिकटले की लोणी. त्यासाठी क्रीम ४ ते ७ अंशांत पाहिजे, म्हणजे हाताला नुसतं गार नाही, चांगलं झोंबेल इतकं.

माझी सवय सांगते, कुणाला पटो न पटो. मे महिन्यात क्रीम फेटायचं ते सकाळी सहाला. स्टीलचं पातेलं आणि मशीनचे दांडे वीस मिनिटं फ्रीजरमध्ये (काचेचा बाऊल दिसायला छान, पण गार व्हायला लई वेळ घेतो). खाली मोठ्या परातीत बर्फ, बर्फात मूठभर मीठ, पॉट आईस्क्रीमला घालतात तसं. मीठ बेतानं, नाहीतर क्रीम कडेनं गोठतं. एका वेळी २०० मिली, जास्त नाही. स्पीड आधी कमी, मग मधला, सगळ्यात वरचं बटण माझ्या मशीनवर अजून कोरं आहे. आणि फेटून झालं की ते बर्फाचं पाणी फरशी पुसायला, मीठ आहे म्हणून कुंडीला नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय या गावानं, मोरीत ओतायला हात होत नाही.

थांबायचं कधी हे घड्याळ सांगत नाही. आधी फेस असतो, मग दांड्यांच्या मागं रेघा उमटायला लागतात आणि लगेच पुसतात. रेघा पुसायच्या थांबल्या की मी मशीन बंद करते आणि पुढचं हातानं, साध्या व्हिस्कनं. दांडा उचलला की टोक पोपटाच्या चोचीसारखं वाकलं तर ग्लासात घालायला तयार. डिझाईन काढायचं असेल तर अजून आठ-दहा फटके, टोक सरळ उभं राहीपर्यंत. चमक जाऊन ते निस्तेज, दाणेदार दिसायला लागलं म्हणजे तुम्ही पुढं गेलात. नुसतं दाणेदार असेल तर दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हलक्या हातानं कालवा, बरंचसं सावरतं. पाणी सुटलं असेल तर मला फोन करू नका, सासूबाईंचा उपाय वर लिहिलाय.

फ्लेवरचा दुसरा गोंधळ. सगळ्यांना वाटतं फळ कुस्करून घातलं की झालं. फळात पाणी असतं बाबांनो! आपल्याकडचा केशर आंबा घ्या, मराठवाडा केशरला जीआय मानांकन आहे, रंग आणि वास एक नंबर, पण कच्चा रस क्रीममध्ये घातला की दहा मिनिटांत ते ओघळतं. रस आधी जाड बुडाच्या कढईत आटवायचा, एक वाटीचा पाव वाटी होईपर्यंत, पूर्ण गार करायचा, आणि २०० मिली क्रीमला तीन चमचे, तेही क्रीम उभं राहिल्यावर, उलथन्यानं खालून वर घेत. बुंदी पाडल्यासारखं वरून धार धरू नका.

हे ऐकून क्लासमधल्या एकीनं बीडची सीताफळं आणली आणि त्यांचाही गर आटवला. कडू झालं सगळं. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, त्याला गॅस दाखवायचाच नाही. चाळणीवर हातानं घोळून बिया काढायच्या, मिक्सरला बियांसकट अजिबात नाही, आणि गर पातळ वाटला तर मी दोन चमचे घट्ट चक्का आधी गरात कालवते. चक्क्यानं क्रीमला आधारही मिळतो, आंबटपणाही येतो. उगं जिलेटीनच्या मागं कशाला लागायचं. अननसाचं उलट, तो कच्चा घालायचा नाही, दुधाच्या पदार्थाला कडू करतो, साखरेत उकळून गार करून घाला.

बाकीचं पटापट. साखर पिठीच, जाड साखर दाताखाली येते. कॉफी कोरडी भुरभुरवू नका, चमचाभर पाण्यात विरघळवून गार करा. कोको चाळून घ्या. केशर कोमट दुधात भिजवा पण दूध एकच चमचा. इसेन्सचं झाकण बाटलीवर धरून अंदाजे ओतणाऱ्यांनी थेंब मोजायला शिका. मिक्सरच्या भांड्यात करू नका, पातं गरम होतं. ते दुधात बर्फ टाकून दोन मिनिटांत क्रीम करायचं रील मला पाठवू नका, तो फेस आहे, पाहुणा चप्पल काढून आत येईपर्यंत बसतो. गरम गाजर हलव्यावर क्रीम घालून फोटो काढणाऱ्यांनो, फोटोनंतर काय उरलं ते पण दाखवा कधी.

आणि फेटलेलं क्रीम झाकण लावूनच फ्रीजमध्ये ठेवा. फॅट आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं आंब्याचं क्रीम रात्रभर उघडं राहिलं, शेजारी लसणाच्या ठेच्याची वाटी. सकाळी सासरे चमचा तोंडात घालून बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणले, "भाकरी आहे का?"