ऑर्कनीत घर मांडताना: विकत घेण्याआधी विचारा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या या ऑर्कनी बेटांवर, स्ट्रॉमनेसला अक्षय ऊर्जा शिकायला किंवा कर्कवॉलच्या हॉस्पिटलात नोकरीला येणाऱ्या आपल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घराचं सामान कुठून मागवायचं? माझं उत्तरही ठरलेलं आहे. गादी आणि उशी नवी घ्या. बाकी पहिला महिनाभर काहीही मागवू नका.

आपला पोस्टकोड केडब्ल्यू १५ ते १७ मधला. लंडनमध्ये फुकट घरपोच मिळणाऱ्या टेबलाला इथे जादा भाडं पडतं आणि काही विक्रेते तर हा कोड दिसला की ऑर्डरच घेत नाहीत. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या स्क्रॅबस्टर बंदरातून बोट दीड तासाची, पण मधल्या पेंटलंड फर्थ सामुद्रधुनीत वारा चढला की तीही रद्द. वस्तू टाकून देणंही इथे सोपं नाही. उरलासुरला कचरा वर्षानुवर्षे जहाजाने शेटलंड बेटांवर जात आला आहे; तिथे लर्विकमध्ये तो जाळून त्या उष्णतेवर घरं गरम करतात. एवढ्या खटपटीने आलेली वस्तू इथली माणसं लवकर हातची सोडत नाहीत. एका घरात तिचं काम संपलं की ती दुसऱ्या घरी जाते.

ही आजची फॅशन नव्हे. या बेटांवर झाडं जवळजवळ नाहीतच. त्यामुळे इथली प्रसिद्ध ऑर्कनी खुर्ची मुळात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या लाकडाची आणि ओटच्या काडाची. काडाच्या जुड्या सुतळीने एकीवर एक शिवत पाठ उंच न्यायची, म्हणजे दाराच्या फटीतून येणारा वारा पाठीला लागत नाही. आज कारागिराकडून नवी घ्यायची तर भरपूर पैसे मोजावे लागतात, पण तिचा जन्म मिळेल त्या सामानातून झालेला आहे.

पहिल्या सुट्टीला लॅम्ब होम या छोट्या बेटावरचं इटालियन चॅपल, म्हणजे छोटं चर्च, नक्की बघा. ऑक्टोबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या इथल्या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली. त्यानंतर पूर्वेकडच्या वाटा बंद करायला बांध घातले गेले आणि त्या कामावर उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी आणले गेले. १९४३ मध्ये त्यांनी अर्धगोल पत्र्याच्या दोन निसन झोपड्या एकमेकींना जोडल्या आणि आतून असं देऊळ उभं केलं की दारात पाय थबकतो. विटा आणि कोरीव दगड वाटतो तो सगळा रंग, डोमेनिको किओकेट्टी या कैद्याच्या हातचा. दिवे ठेवायला त्यांनी बीफचे रिकामे डबे कापून कंदील केले. लाकूड बुडालेल्या जहाजातून आणलं. मी तिथे नवीन माणसाला नेतो ते याच कारणासाठी. हातात काहीच नसताना, परक्या बेटावर, शत्रूचे कैदी म्हणून राहणाऱ्या माणसांनी काय करून ठेवलंय ते एकदा बघितलं, की भाड्याच्या रिकाम्या खोलीचं दडपण कमी होतं. युद्धाची झळ मुंबईलाही पोचली होती, पण तिच्या खुणा अशा रोजच्या वापरात राहिलेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. ते बांध आज रस्ते आहेत, आणि सैन्याच्या कितीतरी जुन्या शेडांमध्ये अजून शेतकऱ्यांची अवजारं असतात.

रस्त्याने जाताना कुरणात बाथटब दिसला तर तो गाईंच्या पाण्याचा. जनावरांच्या चाऱ्यावर अंथरलेलं प्लास्टिक वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर जुने टायर.

आता तुमच्या कामाचं. चॅरिटी दुकानं, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंची दुकानं, आधी फिरा. भांडी, पडदे, गमबूट, लहान मुलांचे जाड कोट तिथे चांगले मिळतात. जुना सोफा घेताना खाली शिवलेलं अग्निसुरक्षेचं लेबल बघा. ते नसेल तर दुकानं तो विकायला ठेवत नाहीत, आणि पुढे तुम्हालाही तो दुकानाला देता येणार नाही. मुलाची कार सीट मात्र अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका. ती अपघातातून गेली आहे का ते वरून कळत नाही. बेटांवर पाइपचा गॅस नाही. बहुतेक घरांत विजेची शेगडी असते, त्यामुळे आईने दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर आणण्याआधी घरमालकाला शेगडी इंडक्शनची आहे का ते विचारा. मिक्सर खुशाल आणा, आपल्या २३० व्होल्टचाच चालतो. प्लग तेवढा इथला, फ्यूजचा, बसवून घ्या.

किनाऱ्यावर लाकूड दिसलं तर हात लावण्याआधी ते कुठे पडलंय ते बघा. भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवलेलं असेल तर ते कोणाचं तरी झालं, मग तिथे माणूस असो वा नसो. हा जुना रिवाज इथे मनापासून पाळतात, तुम्हीही पाळा. जहाजातून पडलेला माल वाटला तर कायद्याने २८ दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मासळीचे प्लास्टिक क्रेट कुंडीसाठी मोहात पाडतात, पण त्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं. विचारल्याशिवाय उचलू नका. वसंतात ‘बॅग द ब्रक’ नावाची किनारा सफाई असते. जरूर जा. शेजाऱ्यांशी खरी ओळख तिथे होते, आणि दोर-जाळ्यांचं काय काय करता येतं हेही तिथेच कळतं.

रस्त्याकडेच्या पेटीतून अंडी घेतलीत की पैसे डब्यात टाका आणि पुढच्या वेळी रिकामा ट्रे परत ठेवा. कोणी जॅमची बाटली दिली तर ती धुऊन परत करा. लिंबाचं लोणचं घालून दिलीत तर फारच उत्तम. शेजारीण ‘हे तुला लागेल का’ म्हणून काही घेऊन आली तर आपल्या सवयीने ‘नको नको’ म्हणू नका. इथे एकदा नाही म्हटलं की ते नाहीच धरतात, दुसऱ्यांदा आग्रह होत नाही.

इथून परत जाणारे आपले विद्यार्थी पोळपाट-लाटणं, तवा, कढया मागे ठेवून जातात आणि त्या पुढच्या तुकडीला मिळतात. तेव्हा निघण्याच्या पंधरा दिवस आधी, काय आणताय आणि काय हवंय, दोन्ही याद्या मला पाठवा. बॅगेत उरलेल्या जागेत गोडा मसाला आणि कोकम भरा, ते इथे कोणाकडेच जुनं मिळत नाही.