पीएचडीनंतरची नोकरी पेपरात शोधू नका

गोव्यात प्रोजेक्टवरची संशोधनपदं बरेचदा फक्त संस्थेच्या वेबसाइटवर येतात. पेपर चाळत बसलं की मुलाखतीची तारीख उलटून जाते.

१. दोनापावलाची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), वास्कोची एनसीपीओआर (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र), गोवा विद्यापीठ, फर्मागुढीची आयआयटी, झुआरीनगरचं बिट्स यांची भरतीची पानं ब्राउझरमध्ये एकाच बुकमार्क फोल्डरमध्ये ठेवा.

२. सोमवारी सकाळी, चहा-पाव होईपर्यंत, फोल्डरवर राइट-क्लिक करून सगळी एकदम उघडा.

३. जाहिरातीच्या पीडीएफमध्ये 'रिसर्च असोसिएट' किंवा 'पोस्टडॉक' शोधा. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) सोडा, ते पीएचडीच्या आधीचं.

मात्र थीसिस नुसता सादर झालेला असेल तर पात्रतेची ओळ नीट वाचा. व्हायवा झाल्याझाल्या विद्यापीठाकडून प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मागून घ्या, पदवीदान समारंभाची वाट पाहू नका.