पालावरच्या लेकराचं नाव शाळेत कसं घालायचं

तुमच्या गावाबाहेर पालं पडली असतील आणि त्यात सहा ते चौदा वयाची लेकरं दिवसभर दिसत असतील, तर ती शाळाबाह्य आहेत असंच धरून चाला. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते आणि बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य लेकरं शोधून शाळेत आणणारी शिक्षिका म्हणून, मोंढ्याच्या कडेची, स्टेशनाजवळची पालं फिरते. माझं सांगणं एकच आहे: आधी लेकरू वर्गात बसवा, कागद मागून जमवा. उलटं केलं की लेकरू पुढच्या गावाला निघून जातं आणि अर्धवट कागद आपल्या हातात राहतात.

पालावर संध्याकाळी जा, चुली पेटल्यावर. दुपारी मोठी माणसं कामाला गेलेली असतात. गेल्या गेल्या वही-पेन काढू नका. अतिक्रमणवाले आले असं वाटून लोक गप्प होतात. आईशी बोला. थोरली मुलगी शाळेत का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तिच्या कडेवरच बसलेलं असतं. ते धाकटं तीन वर्षांचं झालेलं असेल तर आधी त्याला अंगणवाडीत बसवा. त्याहून तान्हं असेल तर बहिणीसोबत वर्गात येऊ द्या. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, पण त्याशिवाय ती पोरगी येणार नाही.

आता जन्मतारीख. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १४ स्पष्ट सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद असली तर उत्तम, नाहीतर पालकानं लेखी दिलेलं वय चालतं. आईला तारीख ठाऊक नसते, पण आठवण पक्की असते. मी विचारते, “लातूरला रेल्वेनं पाणी आलं तवा हे पोटात होतं का चालत होतं?” ते २०१६ चा उन्हाळा. “लॉकडाऊनमधी दात आले होते का?” ते २०२०. मग सण विचारायचा, पोळ्याच्या आधी की नंतर. एवढ्यावर महिन्यापर्यंत पोचता येतं. आईच्या समोर लिहा, वाचून दाखवा, अंगठा घ्या.

वर्ग वयाप्रमाणे द्यायचा. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं की ते लाजेनंच पळून जातं. कलम ४ मध्ये वयानुरूप वर्ग आणि मागं राहिलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण, दोन्ही आहे.

आधारवरून सगळ्यात जास्त अडतं. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणं, आधार जुळलेल्या पटावर होते, त्यामुळं मुख्याध्यापकांना शिक्षकाच्या पदाची काळजी असते, आणि ती खरी आहे. पण या वयाच्या लेकरांना प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलंय. आधी नाव घाला, आधार केंद्रावर नंतर घेऊन जा. आधीच्या शाळेची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) यायला उशीर लागतोय, हेही कारण कलम ५ प्रमाणे चालत नाही.

तरी “नंतर या” म्हणाले तर भांडू नका. अर्ज दोन प्रतींत द्या, पोच घ्या. पोच मागितली की निम्मी कामं तिथंच होतात. नाहीच झालं तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि पुढं राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील करता येतं.

स्टेशनवर लेकरू एकटंच सापडलं तर वाट वेगळी. त्याला घरी नेऊन ठेवू नका, १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरला फोन करा. चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढं हजर करावं लागतं.

नाव घातल्यावरचे पहिले पंधरा दिवस जपायचे असतात. गणवेश नाही म्हणून कुणी बोललं की संपलं. दप्तर शाळेतच ठेवून घ्या. पालात पाऊस येतो, उंदीर येतात, पुस्तक टिकत नाही. पहिल्या दिवशी खिचडीच्या रांगेत त्याच्या शेजारी तुम्ही स्वतः उभे राहा.

आणि ते जाणार, हे धरूनच चाला. ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या मागंपुढं निघतात. आजी-आजोबा मागं राहत असतील तर मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) वाटली जाते तेव्हाच शाळा व्यवस्थापन समितीकडून हंगामी वसतिगृहाची मागणी करून घ्या, गाडी भरल्यावर उपयोग नाही. लेकरू सोबतच जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे पुढच्या शाळेला दाखवायचं कार्ड, भरून आईच्या हातात द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मुकादमाचा नंबर घ्या, कारखान्याचं नाव लिहून घ्या, कोप्यांना (तोडकऱ्यांच्या झोपड्यांना) जवळची शाळा कुठली ते विचारा आणि तिथल्या गुरुजींना स्वतः फोन करा. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, ते परत येईल. तोवर त्याचं नाव पटावरून कमी करू देऊ नका.