संगणकाचा बॅकअप कसा घ्यावा आणि घेतलेला बॅकअप कसा तपासावा

३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने एक फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. ती दुय्यम सर्व्हरवर द्यायची होती, दिली गेली मुख्य सर्व्हरवर, आणि चूक ध्यानात येऊन ती थांबवली जाईपर्यंत सुमारे ३०० जीबी माहितीपैकी अवघी ४.५ जीबी उरली होती. माहिती जपण्यासाठी कंपनीने पाच निरनिराळ्या व्यवस्था केल्या होत्या, पण त्या रात्री त्यांपैकी एकीवरही भरवसा ठेवता आला नाही. नेमाने बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे दर वेळी निकामी ठरत होता आणि तसे कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. अखेर सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. मधल्या सहा तासांची माहिती मात्र गेली ती गेलीच.

कंपनीने हा सारा वृत्तान्त स्वतःच जाहीर केला, म्हणून तो ठाऊक आहे. घरातल्या संगणकावर असे घडते तेव्हा त्याचा अहवाल कोणी लिहीत नाही, पण कारण बहुधा तेच असते: बॅकअप घेतला जात आहे असे सगळे धरून चालतात आणि त्यातून एखादी फाइल परत आणून पाहण्याची वेळ मात्र कधी येत नाही. म्हणून पुढील कृतीत बॅकअप घेण्याइतकीच जागा तो तपासण्याला दिली आहे.

आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड यांसारख्या सेवांचे मुख्य काम सर्व उपकरणांवर फाइलींची स्थिती एकसारखी ठेवण्याचे आहे. संगणकावर फाइल पुसली की ती तिथूनही पुसली जाते. चुकीचा मजकूर लिहून सेव्ह केला की तो चुकीचा मजकूरही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचतो. पुसलेल्या फाइली काही काळ कचरापेटीत राहतात. गूगल ड्राइव्हवर हा काळ ३० दिवसांचा आहे आणि वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यावरही साधारण तेवढाच. फाइल हरवल्याचे चाळिसाव्या दिवशी लक्षात आले तर ही सोय संपलेली असते. या सेवा जरूर वापराव्यात, पण बॅकअप म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

पहिली पायरी म्हणजे काय जपायचे ते ठरवणे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर सगळ्यांना आठवतात. विसरल्या जातात त्या इतर जागा: हिशेबाच्या सॉफ्टवेअरने सी ड्राइव्हवर स्वतःच बनवलेला फोल्डर, ईमेल प्रोग्रामची एकत्रित फाइल, ब्राउझरचे बुकमार्क, कधीतरी डाउनलोड्समध्ये उतरवून तिथेच राहिलेली महत्त्वाची कागदपत्रे. अर्धा तास बसून कागदावर यादी करावी आणि प्रत्येक नोंदीपुढे तो फोल्डर नेमका कुठे आहे ते लिहावे. स्वतः प्रोग्राम जपण्याची फारशी गरज नसते, कारण ते पुन्हा उतरवता येतात. आपण तयार केलेला मजकूर आणि काढलेली छायाचित्रे पुन्हा मिळत नाहीत.

त्यानंतर बाह्य डिस्क. संगणकातील साठवणीच्या दुपटीएवढी क्षमता असावी, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्यांनाही जागा उरते. साधी हार्ड डिस्क या कामाला पुरेशी आहे. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) वेगवान असते, पण विजेशिवाय वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देण्यासाठी ती योग्य नाही. डिस्क जुनी असेल तर तिचे फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडण्याची पद्धत, पाहून घ्यावे. फॅट३२ असल्यास ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर बसत नाही, आणि मोठे व्हिडिओ नेमके तिथेच अडतात. विंडोजसाठी एनटीएफएस निवडावे. फॉरमॅट केल्याने डिस्कवरचे सगळे पुसले जाते, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

विंडोज १० आणि ११ मध्ये फाइल हिस्ट्री ही सोय आधीपासूनच असते. डिस्क जोडावी, स्टार्ट मेनूच्या शोधखिडकीत 'फाइल हिस्ट्री' असे इंग्रजीत टाइप करून कंट्रोल पॅनेलमधले ते पान उघडावे आणि 'टर्न ऑन' वर क्लिक करावे. दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत डिस्कवर जाऊ लागते. या सोयीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी: ती मुख्यतः डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज या लायब्ररींमधलेच (फोल्डर एकत्र दाखवणाऱ्या विंडोजच्या गटांमधलेच) जपते. आपल्या यादीतला हिशेबाचा फोल्डर त्यात येत नसेल, तर त्यावर उजवे क्लिक करून तो एखाद्या लायब्ररीत समाविष्ट करावा लागतो. विंडोज ११ मध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचे अ‍ॅपही दिसते. ते निवडक फोल्डर वनड्राइव्हवर नेते आणि तिथली मोफत जागा ५ जीबी असते. नावावरून त्याची फाइल हिस्ट्रीशी गल्लत करू नये.

'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' मध्ये जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवायच्या हे विचारलेले असते आणि तिथे मुळात 'फॉरएव्हर', म्हणजे कायम, निवडलेले असते. या एका शब्दाने मला चांगलाच धडा दिला. माझ्या टेबलावरची डिस्क चार महिने दिवा लुकलुकवत होती आणि मी निश्चिंत होतो. एकदा चुकून ओव्हरराइट झालेला लेख परत मिळवायला गेलो तेव्हा सर्वांत अलीकडची प्रत चार महिन्यांपूर्वीची निघाली. डिस्क भरली होती, जुने काही पुसायचे नाही अशी सूचना असल्यामुळे फाइल हिस्ट्रीने काम थांबवले होते, आणि तसे सांगणारी सूचना पडद्याच्या कोपऱ्यात आली तेव्हा ती वाचण्याचे कष्ट न घेता मीच बंद केली होती. तिथे 'अंटिल स्पेस इज नीडेड' हा पर्याय निवडावा. मग जागा कमी पडू लागली की सर्वांत जुन्या आवृत्त्या आपोआप पुसल्या जातात.

मॅक वापरणाऱ्यांचे काम यापेक्षा सोपे आहे. सिस्टिम सेटिंग्जमधील जनरल विभागात टाइम मशीन ही बॅकअपची सोय उघडून डिस्क निवडली की पुरे. ते गेल्या २४ तासांच्या तासागणिक, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्यागणिक प्रती ठेवते आणि डिस्क भरली की सर्वांत जुन्या प्रती स्वतःच काढून टाकते.

डिस्क कायम जोडलेली ठेवणे सोयीचे असले तरी धोक्याचे आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातल्या लाखो संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागितले. ज्या त्रुटीतून तो शिरत होता ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने जवळजवळ दोन महिने आधी, १४ मार्चला दिला होता, हा भाग वेगळा. आपल्या मुद्द्याची गोष्ट अशी की असे प्रोग्राम संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही सोडत नाहीत. त्यामुळे बॅकअप पूर्ण झाला की डिस्क 'इजेक्ट' करून काढावी. रोज जोडणे जमत नसेल तर आठवड्याचा एक वार ठरवावा.

आग, चोरी किंवा पाणी यांपुढे टेबलाच्या खणातली डिस्कही टिकत नाही. माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, असा जो तीन-दोन-एक नियम सांगितला जातो तो याचसाठी. दुसरी डिस्क विश्वासातल्या व्यक्तीच्या घरी ठेवून महिन्यातून एकदा अदलाबदल करणे हा त्याचा सर्वांत साधा मार्ग आहे. घराबाहेर जाणारी डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे पासवर्डशिवाय कोणालाही ती वाचता येणार नाही. विंडोजमधला एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम बिटलॉकर अशा वेळी ४८ अंकी रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडणारी किल्ली) देतो. ती केवळ त्याच संगणकावर सेव्ह केली तर तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवल्यासारखे होते. ती कागदावर उतरवून डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवावी. मॅकवरील एन्क्रिप्ट केलेल्या टाइम मशीन डिस्कचा पासवर्ड हरवल्यास आतले काहीही परत मिळत नाही.

आता तपासणी. डॉक्युमेंट्समध्ये 'चाचणी' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल करावी, तिच्यात 'पहिली ओळ' एवढेच लिहावे आणि फाइल हिस्ट्रीच्या पानावरील 'रन नाऊ' वर क्लिक करावे. प्रत तयार झाली की ती ओळ खोडून 'दुसरी ओळ' लिहावी, सेव्ह करून पुन्हा प्रत घ्यावी आणि मग फाइल पुसून कचरापेटीही रिकामी करावी. आता 'रीस्टोअर पर्सनल फाइल्स' उघडून मागे जाणाऱ्या बाणाने दोन्ही आवृत्त्या शोधाव्यात. परत आणताना दातेरी चाकाच्या चिन्हाखालचा 'रीस्टोअर टू' हा पर्याय वापरून त्या वेगवेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये आणाव्यात, म्हणजे मूळ जागी असलेल्या कशावरही त्या चढणार नाहीत. दोन्ही ओळी आपापल्या फाइलीत दिसल्या, तर निदान यंत्रणा चालू आहे असे म्हणता येते.

तेवढ्यावर थांबू नये. यादीतल्या प्रत्येक नोंदीतून एकेक खरी फाइल परत आणावी आणि ती उघडून पाहावी. नुसते नाव आणि आकार दिसणे पुरेसे नाही. जुने छायाचित्र पूर्ण दिसते का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, हिशेबाची फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून ताळेबंद दाखवते का, हे पाहावे. हिशेबाचे सॉफ्टवेअर चालू असताना घेतलेली प्रत कधी कधी अर्धवट निघते, म्हणून ते बंद करून बॅकअप घेण्याची सवय ठेवावी.

शेवटची परीक्षा दुसऱ्या संगणकावर घ्यावी, कारण खरोखर गरज पडेल तेव्हा आपला संगणक बंदच पडलेला असण्याची शक्यता अधिक. तिथे डिस्क जोडून फाइल हिस्ट्रीचा फोल्डर उघडला, की आत वापरकर्त्याच्या आणि संगणकाच्या नावाचे फोल्डर आणि त्यांच्याखाली नेहमीच्याच फाइली दिसतात, फक्त प्रत्येक नावाच्या शेवटी कंसात जागतिक प्रमाणवेळेनुसार तारीख आणि वेळ जोडलेली असते. त्यामुळे कोणतेही खास सॉफ्टवेअर नसतानाही त्या कॉपी करता येतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर कागदावरची की वाचता येते का, हेही याच वेळी कळते. माझ्या कागदावर एक आणि सात हे आकडे इतके सारखे निघाले, की ती रिकव्हरी की पुन्हा सुवाच्य लिहावी लागली.

तपासणी झाली की चिकटपट्टीचा एक तुकडा डिस्कवर लावून त्यावर त्या दिवसाची तारीख लिहावी. ही बॅकअप घेतल्याची तारीख नव्हे. त्यातून फाइल परत आणून उघडल्याची आहे. पुढे दर तीन महिन्यांनी ती खोडून नवी लिहायची.