क्रूझचे जहाज निवडताना या चुका टाळा

सातारा-सांगलीच्या माणसाला समुद्र परका नाही. कुंभार्ली घाट उतरून गुहागर गाठणे किंवा आंबा घाटातून रत्नागिरीला जाणे हे आपल्याकडे दर सुट्टीत चालते. क्रूझमध्ये मात्र तीन-चार रात्री समुद्रावरच राहायचे, जेवायचे आणि झोपायचे असते, आणि जहाजाने एकदा धक्का सोडला की खोली आवडली नाही म्हणून दुसरे हॉटेल शोधता येत नाही. येथे निवड चुकली तर ती सहल संपेपर्यंत सोसावी लागते. नातेवाईक आणि शेजारी यांच्या सहली आखून देताना, आणि स्वतःच्या आईवडिलांना घेऊन जाताना, मी ज्या चुका पाहिल्या आणि केल्या, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच होते: जहाज आधी ठरले, आणि महिना, बरोबरची माणसे व बंदरे यांचा विचार पैसे भरून झाल्यावर सुरू झाला.

महिना न पाहता जहाज ठरवणे

आपल्या मोठ्या सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि उन्हाळ्याची, आणि दोन्ही वेळी समुद्राचे रूप वेगळे असते. मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सफरींसाठी नोव्हेंबरअखेर ते मार्च हा काळ सर्वांत निवांत. एप्रिलपासून दमटपणा अंगाला चिकटू लागतो, मेच्या उत्तरार्धात समुद्र खवळू लागतो आणि याच सुमारास अरबी समुद्रात चक्रीवादळेही उठतात. मे २०२१ मधील तौक्ते वादळ कोकणपट्टीच्या अजून स्मरणात आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या पाण्यात लोटण्याची कोळी बांधवांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, आणि पावसाळ्यात स्वस्त मिळणाऱ्या सफरीचा मोह झाला तर तिची आठवण ठेवावी.

मे महिन्यातच जायचे असेल तर परदेशातील किनाऱ्यांचा विचार करावा, पण तोही सरसकट नव्हे. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तेथे वर्षभर उबदार हवा असते आणि पाऊसही केव्हाही येतो. तेथून निघणारी जहाजे पेनांग, क्वालालंपूर व फुकेत या दिशेने जातात. यांपैकी मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा बेटाच्या आडोशाला असल्याने तेथील पाणी बरेच शांत असते. फुकेतचा पश्चिम किनारा मात्र मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या तोंडावर असतो आणि तेथील किनाऱ्यांवर या काळात पोहायला मनाई करणारे लाल झेंडे अनेकदा लागतात. एकाच बंदरातून निघणाऱ्या दोन सफरींत एवढा फरक पडतो. दुबईच्या सफरी हिवाळ्यातल्या. भूमध्य समुद्रात मे महिन्यात हवा सुखद असली तरी पाणी गारच असते, त्यामुळे मुलांना समुद्रात खेळवायचे असेल तर जूनच्या मध्यापर्यंत थांबावे लागते. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो, म्हणजे दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात सापडते. शिवाय फ्लोरिडातून निघणाऱ्या जहाजासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो.

मोठे जहाज म्हणजे चांगले जहाज, असे समजणे

माहितीपत्रकात जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ छापलेले असते. ते जहाजाचे वजन नव्हे. आतील एकूण बंदिस्त जागेचे ते माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी किती जागा मिळते याचा अंदाज येतो. मुंबईहून जाणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेले असून त्याचे टनेज सुमारे ४८,५०० आहे. एका खोलीत दोघे धरले तर सुमारे १,६०० प्रवासी होतात, म्हणजे माणशी ३० पडतात. आशियात चालणारे ‘गेंटिंग ड्रीम’ २०१६ सालचे असून त्याचे टनेज सुमारे १,५०,७०० व प्रवासी सुमारे ३,३५० आहेत, म्हणजे माणशी ४५. आकाराने पहिल्या क्रमांकाच्या जहाजांत मोडणारे, २०२४ पासून फिरणारे ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,७०० टनेजचे आहे. पण त्यावर दोघांच्या हिशेबाने ५,६०० प्रवासी असल्यामुळे माणशी आकडा ४४ च निघतो. जहाज दीडपटीहून मोठे, तरी माणसाच्या वाट्याला येणारी जागा जवळजवळ तेवढीच.

तरीही केवळ या भागाकारावर निवड करू नये. सफरीत समुद्रावरचे दिवस जास्त आणि बंदरे थोडी असतील, तर जहाजावर करण्यासारखे काय आहे याला महत्त्व येते, आणि तेथे नवे, मोठे जहाज उपयोगी पडते. रोज नवे बंदर असेल, तर जहाज केवळ झोपण्यापुरते राहते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मुंबई-गोव्यासारखी दोन-तीन रात्रींची लहान सफर जुन्या जहाजावरून केली तरी काही बिघडत नाही, असे माझे मत आहे. मात्र जुन्या जहाजांत खोल्या लहान आणि बाल्कन्या मोजक्या असतात, हे आधी माहीत असावे.

खोलीचा प्रकार पाहणे आणि जागा न पाहणे

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आईवडिलांना घेऊन गेलो तेव्हा ‘वरच्या मजल्यावरची बाल्कनीची खोली’ एवढेच ऐकून मी होकार दिला. ती खोली जहाजाच्या पुढच्या टोकाला होती आणि तिच्या बरोबर वर पोहण्याच्या तलावाचा डेक होता. पहाटे पाचला खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू होई. त्याहून वाईट म्हणजे, जहाज लाटांवर पुढे-मागे झुलते तेव्हा त्याची टोके सर्वांत जास्त वरखाली होतात, आणि उंची वाढेल तसा डावी-उजवीकडचा झोकाही वाढतो. वडिलांनी पूर्ण एक दिवस अंथरुणात काढला. दाराबाहेरची बाल्कनी त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. त्याच पैशात मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरची खिडकीची खोली त्यांना आरामाची झाली असती, हे मला नंतर कळले.

म्हणून पैसे भरण्याआधी जहाजाचा मजलेवार नकाशा मागावा. तो प्रत्येक कंपनीकडे असतो. ज्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत ती रात्री शांत राहते. वर स्वयंपाकघर, नाट्यगृह किंवा तलाव असेल तर झोप मिळेलच असे नाही. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. ‘दृश्य अंशतः अडलेले’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते आणि तेवढ्यामुळेच ती खोली स्वस्त असते. खोलीचा क्रमांक नंतर कळेल या अटीवर मिळणारी खोलीही स्वस्त असते, परंतु वृद्ध माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील तर ती घेऊ नये. चौघांच्या कुटुंबाला एकच खोली दिली जाते तेव्हा तिसरा व चौथा पलंग बहुधा भिंतीतून किंवा छतातून उघडणारा असतो आणि शिडीने चढावे लागते. आजी-आजोबांसाठी अशी व्यवस्था चालणार नाही, हे घरातल्या कुणीतरी आधीच ओळखायला हवे.

बंदराच्या नावाला भुलणे

माहितीपत्रकात ‘रोम’ छापलेले असते, पण जहाज लागते चिवितावेकिया येथे, आणि तेथून रोम सुमारे ७० ते ८० किलोमीटर आहे. ‘बँकॉक’ म्हणजे लेम चबांग, शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावरचे बंदर. ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग. ‘व्हेनिस’ लिहिलेले असले तरी ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरालगतच्या ज्युडेका कालव्यातून जाण्यास बंदी आहे, त्यामुळे ती दुसऱ्याच धक्क्याला लागतात. आपल्या गोव्याचेही तसेच: जहाज मुरगावला थांबते, आणि तेथून पणजी तीसेक किलोमीटरवर असल्यामुळे, पणजीपलीकडच्या कळंगुटला जाऊन येण्यात बंदरावरचा अर्धा दिवस संपून जातो.

दोन जहाजांची तुलना करताना बंदरांची संख्या मोजण्याऐवजी प्रत्येक बंदरात मिळणारे तास मोजावेत, आणि त्यांतून उतरण्याचा, परत चढण्याचा व रस्त्याचा वेळ वजा करावा. सहा बंदरे दाखवणारी सफर या हिशेबात चार बंदरांच्या सफरीपेक्षा कमी भरते, असे अनेकदा आढळते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही. प्रवाशांना लहान होड्यांतून नेले जाते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला हलत्या होडीत पाय टाकणे कठीण जाते, आणि लाटा मोठ्या असल्या तर बेटावर उतरणेच रद्द होते. तसे करण्याचा अधिकार करारानेच कप्तानाला दिलेला असतो आणि भरपाई म्हणून फारतर बंदरशुल्क परत मिळते, म्हणून एकाच बेटासाठी पूर्ण सफर घेणाऱ्यांनी हा धोका समजून घ्यावा. बंदरात स्वतःची टॅक्सी करून फिरायचे असल्यास जहाजाच्या वेळेच्या किमान दीड तास आधी परतावे. जहाजाने आखलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्र गेलेल्यांसाठी ते थांबत नाही.

छापलेल्या किमतीवरून तुलना करणे

जाहिरातीतील किंमत एका खोलीत दोघे राहतील या हिशेबाने माणशी दिलेली असते, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याला ती जवळजवळ दुप्पट पडू शकते. त्यावर कर, बंदरशुल्क आणि सेवाशुल्क येते. परदेशी जहाजांवर सेवाशुल्क दररोज माणशी आकारले जाते आणि बड्या कंपन्यांमध्ये ते १६ ते २० डॉलरच्या घरात असते; चौघांचे पाच रात्रींचे गणित मांडले म्हणजे हा आकडा किती होतो ते दिसते. मुख्य भोजनगृहातील जेवण किमतीत धरलेले असते, परंतु शीतपेये, खास उपाहारगृहे, इंटरनेट आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. दोन्ही जहाजांची शेवटची, सर्व धरून होणारी रक्कम लेखी मागावी आणि मगच त्यांची तुलना करावी.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, आकारला जातो. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती होते किंवा परत मिळते, त्यामुळे ती ज्याच्या पॅनवर जमा होणार त्याने विवरणपत्र भरणे आवश्यक असते. आपल्याकडे द्राक्ष, ऊस किंवा हळदीचे शेतीउत्पन्न असलेली अनेक माणसे विवरणपत्र भरत नाहीत आणि हे पैसे तसेच पडून राहतात. बुकिंग करतानाच हा विचार करावा.

जेवणाची चौकशीही याच वेळी करावी. शाकाहारी, जैन किंवा उपवासाचे पदार्थ हवे असतील तर ते आधी लेखी कळवावे लागते. जहाजावर चढल्यानंतर साबुदाण्याची खिचडी मागून मिळत नाही.

कागदपत्रे आणि प्रकृती यांबाबत गाफील राहणे

सिंगापूरहून निघून मलेशियात जाऊन पुन्हा सिंगापूरला उतरणे म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश करणे होय, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. ग्रीसहून तुर्कस्तानच्या बंदरात जाऊन परत येणाऱ्या सफरीत शेंगेन (युरोपातील अनेक देशांना मिळून एकच) व्हिसालाही हाच नियम लागतो. शेंगेनसाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्यासाठी तो लवकरच करावा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. देशांतर्गत सफरीलाही मुलांसह प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र लागते. गर्भारपणाचे २४ आठवडे पूर्ण होत असल्यास बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालील बाळालाही.

आपल्याला बोट लागते की नाही, हे एसटीत गाडी लागण्यावरून नेमके सांगता येत नाही. दाभोळ-धोपावे फेरी हीसुद्धा खरी परीक्षा नव्हे, कारण तेथे खाडीचे पाणी संथ असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीतून एकदा जाऊन यावे. तासाभरात बरेच कळते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी, कारण उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आपल्याकडचा आलेपाक जवळ ठेवावा.

सामान आणि निघण्याची घाई

विजेची किटली, पाणी तापवण्याचा रॉड, इस्त्री, उदबत्ती आणि निरांजन यांना आगीच्या भीतीने जहाजावर मनाई असते. घरी केलेले जेवणही बहुधा अडवले जाते. भडंग किंवा कंदी पेढे न्यायचे तर कारखान्यात बंद केलेल्या पाकिटातले न्यावेत. जहाज सुटताच फोन विमान-स्थितीत (एअरप्लेन मोड) ठेवावा, कारण समुद्रावर तो जहाजाच्या उपग्रह-नेटवर्कला आपोआप जोडला गेला तर मोठे बिल येते.

निघण्याच्या दिवशी पहाटे सांगलीहून गाडीने निघून दुपारचे जहाज गाठण्याचा बेत करू नये. खंबाटकी आणि खंडाळ्याच्या घाटांत वाहने अडकली की तास-दोन तास सहज जातात, आणि प्रवाशांची नोंदणी (चेक-इन) जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगलीहून आणि साताऱ्याहून रात्री निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते, आणि बॅलार्ड पिअरचा क्रूझ धक्का तेथून टॅक्सीने अगदी जवळ आहे. पावसाळी हवा असेल किंवा विमान पकडायचे असेल तर एक दिवस आधीच मुंबईत पोहोचावे. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग खोलीत यायला काही तास लागतात, म्हणून औषधे, ओळखपत्रे आणि मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हाही हीच काळजी घ्यावी. परतीसाठी कोयना एक्स्प्रेसचे तिकीट काढू नये. ती मुंबईहून सकाळीच सुटते आणि तोवर सर्व प्रवासी जहाजातून उतरलेले नसतात. रात्रीची महालक्ष्मी सोयीची पडते.