जुन्या काळातल्या विजोड लग्नाची प्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

साताऱ्यात आमचं लिहिणाऱ्यांचं छोटं मंडळ आहे. ऐतिहासिक प्रेमकथेचं हस्तलिखित हातात आलं की मी आधी नायिकेचं वय बघते. साल 1839, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी नुकतंच पदच्युत केलंय, आणि भिक्षुकाच्या घरातली एकोणीस वर्षांची मुलगी अजून बिनलग्नाची! त्या घरांत लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकत. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यानंही लग्नाचं नव्हे, शरीरसंबंधाचं किमान वय ठरवलं, तेही 10 वरून 12 वरच नेलं. तेव्हा लग्न मागे ठेवा आणि प्रेमकथा ती विशीत आल्यावर सुरू करा. मधली वर्षं दोन ओळींत गुंडाळू नका. एकाच घरात राहून परके असलेले दोघं त्याच वर्षांत दिसतात.

दुसरी चूक मला जास्त छळते: एकांत. एका मुलीच्या कादंबरीत नवराबायको रोज रात्री तासन् तास मन मोकळं करत. मी विचारलं, सासूबाई कुठे झोपतात? आत्याबाई? मुलं? तिला सांगता येईना. मी तिला मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात नेलं. माजघरात उभं करून म्हटलं, आता इथून कुणाच्या नजरेला न पडता ओसरीवर जाऊन दाखव. ती बराच वेळ नुसती उभी राहिली. परतल्यावर तिनं ते सगळे संवाद काढून टाकले. नव्या मसुद्यात नवरा पुतण्याला म्हणतो, "काकूला विचार, ताप उतरला का?" काकू दाराआडच असते. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी सवय हीच आहे. आधी वाड्याचा नकाशा काढते, कोण कुठे निजतं ते लिहिते, मग पहिलं वाक्य.

नायिका नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, "इकडून कधी येणं झालं?" म्हणते. काडेपेटी आणि रॉकेलचा कंदील नको, समई ठेवा. कागदपत्रं मोडीत असू द्या. मालिका बघून लिहायला बसू नका.

आणि विजोडपणा म्हणजे तो अबोल, ती बडबडी एवढंच नव्हे. 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा झालं, 1852 च्या कायद्यानं इनामांची, म्हणजे सारामाफीच्या जमिनींची, चौकशी लागली. ज्या घराचं इनाम टांगणीला आहे, त्या घरच्या बिजवराला, म्हणजे दुसरं लग्न करणाऱ्याला, सावकाराची मुलगी का दिली असेल? तिच्या बापानं दिलेलं कर्ज त्याच घराकडे थकलं असेल तर पहिल्या दिवाळीला ती माहेरी जाऊन काय सांगेल?