निर्मनुष्य प्रदेशातील झुंजीचे चित्रपट घरी कसे दाखवावेत

निर्जन प्रदेशात अडकलेल्या माणसाचा चित्रपट मोबाइलवर पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. अफाट बर्फात किंवा समुद्रात तो माणूस किती एकटा पडला आहे, हे मोठ्या पडद्यावरच जाणवते. इंदूरमध्ये रामबागेतील एका घरी आम्ही काही मराठी कुटुंबे जमून प्रोजेक्टरवर असे चित्रपट पाहतो. त्या अनुभवावरून हे सांगत आहे.

सर्वांत अधिक काळजी आवाजाची घ्यावी. ‘कास्ट अवे’ (२०००) या चित्रपटात नायक बेटावर असेपर्यंत पार्श्वसंगीत नाही. लाटा, वारा आणि त्याचा श्वास एवढेच ऐकू येते, आणि तो बेट सोडून खुल्या समुद्रात पोहोचल्यावर संगीत सुरू झाले की आपलाच कंठ दाटून येतो. हा परिणाम साधायचा असेल, तर पंख्याचा वेग कमी करावा आणि पोहे-शेवेच्या बशा चित्रपटाआधीच आटोपाव्यात.

कथेचा शेवट लपवण्याचा आग्रह मात्र धरू नये. ‘सोसायटी ऑफ द स्नो’ (२०२३) दाखवण्यापूर्वी आम्ही मूळ घटना थोडक्यात सांगितली होती: १३ ऑक्टोबर १९७२ रोजी ४५ जणांना घेऊन निघालेले उरुग्वेचे विमान अँडीज पर्वतात कोसळले आणि ७२ दिवसांनंतर १६ जण जिवंत परतले. कोण वाचणार, ही उत्सुकता त्यामुळे ओसरली. परंतु बर्फ वितळवून पाणी कसे मिळवले, थंडीपासून बचावासाठी झोपण्याची पिशवी कशी शिवली, याकडे सर्वांचे लक्ष गेले. अशा चित्रपटांचे खरे सामर्थ्य मला हातांच्या या चिवट कामात दिसते, म्हणून प्रेक्षकांना चेहऱ्यांइतकेच हातही पाहायला सांगावे.

लहान मुले असतील तर ‘१२७ अवर्स’ (२०१०) टाळावा. स्वतःचा हात कापण्याचे त्यातील दृश्य त्यांना सोसणार नाही.

चित्रपट संपताच दिवे लावू नयेत, नामावली पूर्ण होऊ द्यावी. चर्चेला एकच प्रश्न पुरतो: त्या माणसाने कोणते काम रोज न चुकता केले? आमच्याकडे या प्रश्नावर आजी सर्वाधिक बोलतात. शक्य असल्यास पुढच्या रविवारी सकाळी रालामंडलच्या टेकडीवर मुलांना न्यावे, दहा मिनिटे गप्प बसवावे आणि कोणकोणते आवाज ऐकू आले, हे प्रत्येकाला विचारावे.